पोचलीस की कळव

सकाळी स्टुडिओ उघडल्यावर मी सर्वांत आधी नुसता ऐकत उभा राहत असे. कुलूप काढायचे, चपला बाहेर ठेवायच्या आणि दिवा लावण्यापूर्वी थोडा वेळ अंधारात थांबायचे. एरंडवण्यातल्या एका जुन्या सोसायटीच्या तळघरात आमचा स्टुडिओ होता, आणि तळघरात वरच्या माणसांचे सगळे आवाज झिरपतात. टाकीत पाणी चढवणारी मोटर, पहिल्या मजल्यावरच्या दातारकाकूंचा मिक्सर, जिन्याखालच्या मीटरच्या पेटीतली बारीक गुणगुण. यांतले काय चालू आहे आणि काय आता थांबेल, याचा अंदाज घेऊन दिवसाचे काम मांडावे लागे. मग झाडू, मग दोन खोल्यांमधली मोठी काच ओल्या फडक्याने पुसणे, माइकवरची धूळ मऊ ब्रशने झटकणे, हेडफोनच्या वायरींची वेटोळी खुंटीला अडकवणे. शेवटी दारावरचा लाल दिवा एकदा लावून पाहायचा. तो लागलेला असताना दार कोणीही उघडायचे नाही, हा आमच्याकडचा एकच कडक नियम होता. तो मालकांनाही लागू होता आणि चहावाल्यालाही.

मार्चमधल्या त्या सकाळी मोटर चालू होती. तिच्या घरघरीतून जिन्यावरची पावले ऐकू आली. खाली आली, दाराशी थांबली, परत वर गेली. पुन्हा खाली आली.

"आत ये गं," मी ओरडलो. "जिना झिजेल."

रूथ आत आली. गिटारची पेटी भिंतीला टेकवून ती खुर्चीवर बसली, लगेच उठली, केसांचा चाप काढून पुन्हा लावला आणि काचेपाशी जाऊन उभी राहिली.

"निशिकांत पोचला नाही अजून?"

"घाटात असेल. तूच लवकर आलीस."

"घरी बसवत नव्हतं. पेपर वाचलास?"

"वाचला."

"मग बोल की."

"काय बोलू?"

"मी बोलते. पाठ झालंय." तिने हात मागे बांधले आणि शाळेत कविता म्हणतात तसे म्हटले, "'रूहीचा आवाज या वेळी दमलेला आहे. शब्द रोजनिशीतून उचलल्यासारखे. आणि गिटारच्या तारांवर घासणाऱ्या बोटांची खरखर ध्वनिमुद्रकाच्या कानांना ऐकू आली नसावी.' शेवटचं वाक्य तुझं हं, दिगू. माझ्या वाट्याचं मी घेतलं. तुझं तू घे."

मी हसलो, पण ते वाक्य सकाळपासून मला टोचत होते. खरखर मला ऐकू आली होती. ती ठेवायची, असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले होते.

कॅसेटच्या मुखपृष्ठावरची रूही म्हणजे नगरची रूथ हिवाळे. कॉलेजात असताना आमचा तिघांचा बँड होता. चौथ्या तासाला दांडी मारून आम्ही तालीम करत असू, म्हणून बँडचे नावही 'चौथा तास'. रूथ गिटार वाजवून स्वतःची गाणी गायची, निशिकांत एकबोटे की-बोर्डवर असायचा आणि मी ड्रम वाजवायचो, फारसा बरा नाही. पुढे निशिकांत मुंबईत एका मोठ्या कॅसेट कंपनीत गेला आणि त्याने रूथला तिथे नेले. कंपनीने तिचे नाव बदलले, केस कापून घेतले आणि तिचे दोन अल्बम काढले. दोन्ही तुफान चालले. त्या वर्षांत एकही गॅदरिंग तिच्या गाण्याशिवाय पार पडले नसेल. त्या दोन्ही अल्बमांत तिने फक्त आवाज दिला. गिटार मुंबईचे सराईत वादक वाजवत, आणि ते अर्थातच तिच्यापेक्षा चांगले वाजवत.

तिसरा अल्बम मात्र आपल्या पद्धतीने करायचा, असा हट्ट तिने धरला. पुण्यात, माझ्याकडे, गिटार स्वतः वाजवत, एकाच वेळी गात, दोन्हींसाठी मिळून एकच माइक. निशिकांतने वरिष्ठांशी भांडून परवानगी आणली. फेब्रुवारीत अल्बम आला आणि मार्च लागेपर्यंत दुकानदार कॅसेटचे गठ्ठे परत पाठवू लागले. तो तिचा कंपनीसाठीचा शेवटचा अल्बम ठरला, हे आज सांगणे सोपे आहे. त्या सकाळी ते ठरायचे होते.

मोटर थांबल्यावर थोड्या वेळाने निशिकांत आला. एका हातात टेपची पेटी, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि पायांनीच बूट काढण्याची त्याची जुनी खटपट.

"इथे अजून रेंज येत नाही का रे, दिग्या?"

"तळघर आहे. वर पोस्टाच्या पेटीपाशी येते."

"ये, एकबोटे," रूथ म्हणाली. "बुडत्या जहाजाचे कप्तान."

"जहाज बुडत नाहीये, अडकलंय. मी ते ढकलायला आलोय." तो तिच्यासमोर बसला. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती. "खरं सांगू? मुंबईला मला विचारतात, निशिकांत, ही बाई आधी हसायची ना? मग आता काय झालं? मी काय सांगणार?"

"सांग, दात दुखतायत."

"रूथ, मस्करी नको. एकच मार्ग आहे. 'पोचलीस की कळव'चं रीमिक्स. सध्या तेच चालतं. म्युझिक तयार करून आणलंय, व्हिडिओचं शूटिंग पुढच्या आठवड्यात. गाणं लागलं, तर त्याच्या जोरावर सगळा अल्बम पुन्हा दुकानात जाईल आणि तुझा करार वाढेल. नाही लागलं, तर..."

"तर?"

"तर तू मोकळी. आणि मीही. हा अल्बम माझ्या सहीनं निघालाय."

रूथने अंगठ्याचे नख कुरतडले.

"मग आहे तोच आवाज वापरा ना," ती म्हणाली.

"कसा वापरणार? तुम्ही दोघांनी एकाच माइकवर घेतलाय. आवाज उचलला की गिटार मागोमाग येते. मला नुसता आवाज पाहिजे. कोरा, स्वच्छ, क्लिकवर बसलेला."

"दुसरं कोणी गाईल की."

"डमी गायली आहे एका मुलीनं, ती टेपवर आहेच. पण रूहीचा आवाज नसेल, तर त्यांना या गाण्यात काडीचा रस नाही. स्पष्ट सांगितलंय."

ते गाणे अल्बममध्ये शेवटून दुसरे होते. शिकायला पुण्याला निघालेली मुलगी आणि तिला नगरच्या माळीवाड्याच्या स्टँडवर सोडायला आलेले वडील. त्यात एवढेच घडत होते.

*पोचलीस की कळव, इतकंच बोलले,*
*खिडकीची काच वर करून दिली.*
*बस सुटली तेव्हा त्यांच्या हातात*
*माझीच पाण्याची बाटली राहिली.*

"ऐकव," रूथ म्हणाली.

मी टेप लावली. ढोल, टाळ्या, खालून घुमणारा बेस, आणि वर कोणा अनोळखी मुलीचा लाडिक आवाज: कळव, कळव, कळव ना. वडील नव्हते. स्टँड नव्हता. मी रूथकडे पाहायचे टाळत होतो, पण तिचा पाय ताल धरत होता.

"चांगलं वाजतंय रे," ती प्रामाणिकपणे म्हणाली. "नाचावंसं वाटतं. बाटली कुठे गेली?"

"बाटली काढावी लागली. डिस्कोत बाटली म्हटलं की लोकांना भलतंच सुचतं."

रूथ मोठ्याने हसली. निशिकांतही हसला, आणि क्षणभर आम्ही पुन्हा कॉलेजच्या कँटीनमध्ये असल्यासारखे वाटले. मग ती झटकन उठली.

"चल दिगू. माइक लाव. फार विचार केला तर होणार नाही."

काचेपलीकडे ती माइकसमोर उभी राहिली. कानांत क्लिक, म्हणजे ठेक्याची टिकटिक, हात मोकळे. पहिल्या ओळीला ती आधीच शिरली. दुसऱ्या वेळी उशीर झाला. तिसऱ्या वेळी ओळ ठेक्यात बसली, पण सूर उतरला. आम्ही कितीतरी वेळा घेतले. मधे मिक्सर सुरू झाला म्हणून थांबलो, चहा आला म्हणून थांबलो. तिला हातांचे काय करावे ते कळत नव्हते. ती ते खिशात घालायची, छातीशी बांधायची, हेडफोनची वायर बोटांभोवती गुंडाळायची. इतकी वर्षे मुंबईत मोकळ्या हातांनी गाणारी बाई होती ती. हे गाणे मात्र तिच्या हातांतून आले होते. तिचा श्वास गिटारवरच्या कॉर्डच्या, म्हणजे एकत्र छेडलेल्या सुरांच्या, बदलण्यावर टेकलेला होता, आणि कॉर्डच नव्हती.

"काय झालंय तिला?" निशिकांत माझ्या कानाशी कुजबुजला. "पेपरवाले खरं म्हणतायत की काय?"

मी बटण दाबून आत विचारले, "रूथ, थांबायचं का?"

"नाही." ती बाहेर आली. पेटी उघडून तिने गिटार मांडीवर घेतली आणि खुंट्या उलट्या फिरवायला लागली. एकेक तार सैल झाली. बुडाशी तारा अडकवणाऱ्या छोट्या पिना तिने चिमट्याने उपटल्या. सगळ्या तारा काढून तिने वेटोळे केले आणि माझ्या टेबलावर ठेवले.

"हे काय चाललंय?" निशिकांतने विचारले.

"तुला गिटार नकोय ना माइकमध्ये? नाही येणार."

ती आत गेली, बिनतारांची गिटार घेऊन स्टुलावर बसली आणि डोळे मिटले. मी लाल दिवा लावला.

हा टेक पहिल्या श्वासापासून बरोबर होता. तिची डावी बोटे मोकळ्या लाकडावर कॉर्ड धरत होती, उजवा हात हवेत तारा छेडत होता, आणि त्या नसलेल्या गिटारवर आवाज आपसूक बसत होता. ठेक्याच्या चौकटीत राहूनही तो कुठे आखडला नव्हता. ड्रम मी वाईट वाजवत असेन, पण असा टेक आला की माझ्या मानेला कळते. निशिकांत खुर्चीच्या टोकावर आला होता. गाणे संपले तेव्हा त्याने डोळे पुसले, आणि ते लपवायचेही त्याला सुचले नाही.

"हेच," तो म्हणाला. "हेच पाहिजे होतं, बाई!"

रूथ बाहेर येऊन माझ्यामागे उभी राहिली. आम्ही पुन्हा ऐकले. या वेळी नुसता आवाज. तेव्हा कळले की आवाजाच्या खाली आणखी काहीतरी आहे. टक, टक, मधेच एक सूक्ष्म खर्र. लाकडावर पडणारी बोटे.

"ती टकटक तेवढी काढून टाक, दिग्या. गेट लाव."

गेट म्हणजे एक साधी चाळणी. ठरावीक पातळीखालचे सगळे आवाज ती बंद करते. गायक गात असेपर्यंत दार उघडे, थांबला की बंद. मी त्याचे बटण फिरवले. ओळींच्या मधली बोटे नाहीशी झाली. आधी तिथे एक खोली होती, त्यात एक बाई बसली होती. आता प्रत्येक ओळीनंतर नुसती काळी पोकळी, आणि त्यातून पुढची ओळ चकाकत बाहेर येत होती. मग निशिकांतने ढोल चढवायला सांगितले. सगळे छान जुळले. खरोखर छान जुळले.

"मी मुंबईला कळवून येतो," तो उठला. "तोवर याची कॉपी काढून ठेव. रूथ, तू वाचवलंस गं सगळ्यांना!" जाता जाता त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली, आणि मोबाइल उंच धरून तो जिना चढून गेला.

खोलीत मशीनच्या पंख्याचा आवाज राहिला. रूथ टेबलाशी आली. तारांचे वेटोळे उचलले, ठेवले, पुन्हा उचलले.

"परवा पपांचा फोन आला होता," ती म्हणाली.

तिचे वडील नगरला शाळामास्तर होते. रविवारी चर्चमध्ये भक्तिगीतांना गिटारची साथ करत. रूथला त्यांनीच शिकवले होते, एवढे मला माहीत होते. ते आपणहून फोन करणारे नव्हते, हेही माहीत होते.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'तुझी कॅसेट मिळाली. स्टँडसमोरच्या दुकानात होती. एकच होती.' मी विचारलं, पपा, ऐकलीत का? तर म्हणाले, 'ऐकली. अजून बोट उचलत नाहीस.'"

मला कळले नाही.

"लहानपणी पट्टी बसायची या बोटावर." तिने डाव्या हाताचे तिसरे बोट दाखवले. "एक कॉर्ड सोडून दुसरी धरताना बोट उचलायचं, तारेवरून ओढत न्यायचं नाही. मी ओढायची. अजून ओढते. त्याचीच ती खरखर, पेपरात छापून आलेली."

"आणखी काय म्हणाले?"

"काही नाही. 'ठेवतो' म्हणाले." तिने ते बोट मिटून घेतले. "आधीच्या दोन कॅसेटी मी स्वतः नेऊन दिल्या होत्या, दिगू. केवढ्या चालल्या त्या! चर्चमधली पोरंसुद्धा गायची. पपा म्हणाले, 'छान आहे हो, आवाज छान लागलाय.' पाहुण्याला म्हणावं तसं. शिव्या घालण्यासारखं त्यांना त्यात काही सापडलंच नाही."

वर निशिकांतचे बोलणे अस्पष्ट ऐकू येत होते. तो हसत होता. बऱ्याच दिवसांनी हसत असावा.

रूथ एक फेरी मारून काचेपर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली. काचेवर कपाळ टेकून ती आतल्या रिकाम्या स्टुलाकडे पाहत राहिली. मी तिला घाई केली नाही. निशिकांतची खुर्ची माझ्या शेजारी होती, तिच्या पाठीवर त्याचा कोट होता. त्याचा मुलगा त्या वर्षी शाळेत जाऊ लागला होता. हे मला ठाऊक होते आणि तिलाही. त्या मुलाच्या बारशाला पाळणा तिनेच म्हटला होता.

"त्याचं काय होईल?" ती काचेकडेच पाहत म्हणाली.

"शोधेल काहीतरी. सोपं जाणार नाही."

"नाही जाणार."

मग ती वळली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचे हात स्थिर होते.

"कॉपी काढलीस?"

"अजून नाही."

"आणखी एक टेक घ्यायचाय."

"घेऊ. बाजूचा ट्रॅक रिकामा आहे, त्यावर..."

"त्याच ट्रॅकवर."

आमच्या मशीनवर एका ट्रॅकवर पुन्हा मुद्रण केले की आधीचे पुसले जाई. हे निशिकांतला माहीत होते, मला माहीत होते, आणि बँडच्या पहिल्या टेपपासून रूथलाही माहीत होते.

"तो टेक पुन्हा येणार नाही, रूथ."

"मला कळतंय."

"निशिकांतला मी काय सांगू?"

"तू काही सांगायचं नाहीस. मशीन बिघडलं असलं काही बोलू नकोस. मी पुसलं, मीच त्याला सांगेन. त्याला सुनवायचं असेल तेवढं सुनवू दे, मी ऐकून घेईन." तिने बिनतारांची गिटार उचलली. "तुला जमणार नसेल तर बटण मी दाबते."

"मग तू आत कशी गाशील?"

"गाणार नाहीये," ती म्हणाली आणि आत गेली.

मी टेप मागे घेतली. काचेपलीकडे ती स्टुलावर बसली, माइक थोडा खाली ओढून गिटारच्या गळ्यासमोर आणला. हेडफोन घातला नाही. मी बटण दाबून विचारले, "क्लिक देऊ?"

तिने मान हलवली. नको.

मी लाल दिवा लावला आणि मग मुद्रणाचे बटण दाबले.

तिची बोटे लाकडावर चालू लागली. ओठ मिटलेले. हेडफोनमध्ये नुसते टक, टक, आणि तिचा श्वास. मीटरवरचा हिरवा दिवा प्रत्येक बोटाला किंचित उचलला जात होता. पहिली ओळ गेली. खिडकीच्या काचेची ओळ गेली. दार जाड होते आणि त्याला मधोमध एक उभी, लांबट काच होती. तीत मला निशिकांत दिसला. तो हसतच खाली आला होता, एक बूट काढलेला, दुसरा पायात, हात दाराच्या मुठीकडे निघालेला. त्याने वर पाहिले. लाल दिवा. मग त्याने काचेतून माझ्याकडे पाहिले, मशीनकडे पाहिले, आणि पलीकडे मिटल्या ओठांनी बसलेल्या रूथकडे पाहिले. तो वादक होता. त्याला समजायला वेळ लागला नाही.

त्या चांगल्या टेकमधले अजून अर्ध्याहून अधिक गाणे टेपवर शिल्लक होते. दार ढकलून ओरडला असता, तर तेवढे वाचले असते. त्याचा हात मुठीवर होता.

त्याने हात काढून घेतला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तो खाली बसला, आणि थोड्या वेळाने वाकून दुसऱ्या बुटाची नाडी सोडू लागला.

आत रूथ दुसऱ्या कडव्याशी आली. तिचे तिसरे बोट एक जागा सोडून दुसरीकडे गेले, लाकडावरून ओढत. उचलले नाही. मी हेडफोनमधला आवाज थोडा वाढवला.